टेक्सासातला रोही आणि घरी भरलेलं काडतूस

आमच्याकडे, यवतमाळच्या बाजूला, रोही म्हटलं की जागल आठवते. हरभरा घाट्यावर आला की बाबा टॉर्च आणि पत्र्याचा डबा घेऊन मचाणावर बसायचे, आणि रोही धुऱ्यावर दिसला की डबा बडवायचा. तिकडे त्याला परवानगीशिवाय हात लावता येत नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. तोच रोही, म्हणजे नीलगाय, मला पुन्हा भेटला तो दक्षिण टेक्सासात. 1920-30 च्या दशकांत किंग रँचवर काही जनावरं सोडली होती, त्यांची आता हजारोंनी वाढ झाली आहे. गुरांना ताप आणणारी गोचीड ती अंगावर घेऊन फिरतात, म्हणून तिथले रँचवालेही आमच्या शेतकऱ्यांइतकेच वैतागलेले असतात. फरक एवढाच की टेक्सासात परदेशी जनावराला शिकारीचा बंद हंगाम नाही. राज्याचा शिकार परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की वर्षभर शिकार चालते. (नावात गाय असली तरी हे जनावर गाय नव्हे, कुरंग म्हणजे अँटिलोप आहे. घरी फोनवर हे मला तीनदा सांगावं लागलं.)

तिथे बहुतेक लोक रायफल वापरतात. नवख्याने पहिली शिकार रायफलनेच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नेमबाजीच्या रेंजवर दोन-तीन वर्षं काढलेल्या आपल्या काही मंडळींना रिव्हॉल्व्हरची ओढ लागते, मग घरी काडतुसं भरायची, आणि मग प्रश्न येतो: ‘रोह्यासाठी कुठलं काडतूस भरू?’ त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काडतुसात भरायच्या बंदुकीच्या दारूच्या वजनाचे आकडे यात नाहीत, ते मी मुद्दामच दिलेले नाहीत. ते आकडे दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या छापील तक्त्यांतून घ्यायचे. नेटवर कुणा अनोळखी माणसाने लिहिलेले घ्यायचे नाहीत, आणि त्या अनोळखी माणसांत मीही आलो.

आधी कागद

टेक्सासात 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. तो कंटाळवाणा नाही. कुंपण ओलांडताना हत्यार कसं धरायचं इथपासून जखमी जनावराचा माग कसा काढायचा इथपर्यंत शिकवतात. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. कुठे किमान व्यास ठरवलेला असतो, कुठे नळीची लांबी, कुठे अमुक अंतरावर गोळीत किती ऊर्जा उरली पाहिजे ते, आणि कुठे गोळी फुलणारीच, म्हणजे जनावरात शिरल्यावर पसरणारीच हवी असा आग्रह असतो. यातलं शेवटचं नीट वाचा, कारण पुढे मी ज्या कडक शिशाच्या गोळीची भलामण करणार आहे ती फुलत नाही. कॅलिफोर्नियात तर 1 जुलै 2019 पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. मेलेल्या जनावरात राहिलेलं शिसं खाऊन कॉन्डर गिधाडं मरत होती, त्यामागचं मोठं कारण तेच. तिथे अखंड तांब्याची गोळी घ्यावी लागते.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट जास्तीची. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही बाळगता येत नाही. अपवाद मोजके आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू मुदतीतला शिकार परवाना. पुष्कळ जण मित्राबरोबर रेंजवर ‘सहज’ जातात आणि हे त्यांच्या गावीही नसतं. परवान्याची मुदत पाहा आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

सुरुवात जनावरापासून

नवखे लोक उलट्या टोकाने सुरू करतात. दारू कुठली, वेग किती, आणि मग जनावर. क्रम असा हवा: जनावर, अंतर, गोळी, आपलं रिव्हॉल्व्हर, आणि सगळ्यात शेवटी दारू.

रोह्याचा नर सव्वादोनशे-अडीचशे किलोपर्यंत भरतो. गळ्याची आणि छातीची कातडी जाड, खांदा भक्कम, आणि चुकीच्या जागी गोळी लागली तर जनावर काटेरी झुडपांत किलोमीटरभर निघून जातं. चितळ, म्हणजे तिथलं ‘अ‍ॅक्सिस’, याच्या मानाने फार हलकं. दोघांना एकच काडतूस लागू पडेल, असं कुणी म्हटलं तर त्याच्याकडून सल्ला घेऊ नका.

आता ताकदीचा हिशोब. रायफलची .30-06 ची 180 ग्रेनची गोळी सेकंदाला 2700 फुटांनी निघते, ऊर्जा होते साधारण 2900 फूट-पाउंड. .44 मॅग्नमची 240 ग्रेनची गोळी 1350 फुटांनी निघाली तर ऊर्जा 970 च्या आसपास. तिसरा हिस्सा! म्हणजे धक्क्याने जनावर लोळवणं रिव्हॉल्व्हरच्या आवाक्यात नाही. रिव्हॉल्व्हर मारतं ते भोकाने. एका बरगडीतून आत, दोन्ही फुप्फुसं, दुसऱ्या बरगडीतून बाहेर. दोन्हीकडून रक्त, दोन्हीकडून हवा. गोळी अर्ध्यात थांबली तर अर्धं कामच झालं.

ग्रेन हे माप ऐकून बिचकू नका, ते आपल्याच तराजूतलं आहे. इंग्रजी अमदानीत तोळा ठरवला तो 180 ग्रेनचा. म्हणजे 180 ग्रेनची गोळी बरोबर एक तोळा, 240 ग्रेनची एक तोळा चार मासे, आणि 300 ग्रेनची एक तोळा आठ मासे. रोह्यासाठी मी यातली शेवटची घेतो.

हत्याराचा व्यास

यावर फार वेळ घालवू नका. 1935 चं .357 मॅग्नम चितळाला जवळून चालतं, रोह्याला मी ते वापरणार नाही. 1950 च्या दशकाच्या मध्याला आलेलं .44 मॅग्नम हे नवख्यासाठी योग्य ठिकाण आहे: पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी), साचे, गोळ्या, तक्ते सगळं मुबलक. .454 कसुल, .480 रुगर, .500 एस अँड डब्ल्यू यांची ताकद खरी आहे, पण पाचव्या गोळीला मनगट आणि डोळा दोन्ही दगा देतात. ज्याचा सराव होत नाही ते काडतूस कागदावरच जोरदार.

.45 कोल्टबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. हे 1873 चं काडतूस. जुन्या हत्यारांचा विचार करून त्याचा अधिकृत कमाल दाब चौरस इंचाला 14,000 पाउंड ठेवला आहे. .44 मॅग्नमचा 36,000 आहे, आणि .454 कसुलचा 65,000. आजची काही जाड सिलिंडरची (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाची) रिव्हॉल्व्हरं .45 कोल्टमध्ये बरीच जास्त झेप घेऊ शकतात, म्हणून तक्त्यांच्या पुस्तकात .45 कोल्टची दोन प्रकरणं असतात. एक सर्वांसाठी, दुसरं ‘फक्त रुगर वगैरेसाठी’ अशा मथळ्याखाली. दोन्हीकडे पुंगळी तीच, गोळी तीच, बाहेरून काडतूस हुबेहूब तेच. दुसऱ्या प्रकरणातलं काडतूस आजोबांच्या जुन्या कोल्टमध्ये गेलं तर सिलिंडर फुटून हातात येतो. घरात दोन्ही प्रकारची हत्यारं असतील तर मी म्हणेन, .45 मध्ये जड भरणी करूच नका. डब्यावर चिठ्ठी लावली म्हणून चूक टळते असं नाही, चिठ्ठ्या गळून पडतात.

गोळी: इथे वेळ द्या

काडतूस निवडणं म्हणजे खरं तर गोळी निवडणं. बाकीचे तीन घटक, म्हणजे पुंगळी, प्रायमर (बुडाला बसणारी, ठिणगी देणारी टोपी) आणि दारू, हे तिला तिथपर्यंत पोचवणारे हमाल.

मोठे पर्याय दोन. पहिला, तांब्याचं कवच असलेली, नाकात खड्डा असलेली, म्हणजे आत शिरल्यावर फुलणारी गोळी. चितळ, पांढऱ्या शेपटीचं हरीण, रानडुकराचं पिल्लू यांना उत्तम. पण तीस यार्डांवरून रोह्याच्या खांद्यावर बसली तर ती लवकर फुलते, छत्री उघडल्यासारखी, आणि छत्री घेऊन दारातून आत जाता येत नाही. दुसरा पर्याय, कडक शिशाची ओतीव गोळी, नाक चपटं आणि रुंद. ती फुलत नाही, फुटत नाही, सरळ जाते. गोल नाकाची ओतीव गोळीही आरपार जाते, पण सुई गेल्यासारखी, जखम बारीक. चपटं नाक समोरचं सगळं फाडत, ढकलत जातं. म्हणून ओतीव गोळी पाहताना आधी नाकाच्या सपाट भागाचा व्यास मोजा. गोळीच्या व्यासाच्या सत्तर ते ऐंशी टक्के असेल तर काम होतं.

कडकपणा हवा, पण हव्यास नको. शुद्ध शिशाचा ब्रिनेल आकडा, म्हणजे कडकपणाचं माप, 5 च्या आसपास, आणि लायनोटाइप धातूचा, म्हणजे जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांच्या जातीच्या धातूचा, 22 च्या आसपास. त्यात अँटिमनी आणि कथील असतं. नवख्याला वाटतं 22 म्हणजे भारी. पण अँटिमनी वाढलं की धातू ठिसूळ होतो, आणि ठिसूळ गोळी खांद्याच्या हाडावर चिरते. 12 ते 16 च्या दरम्यानचा धातू आणि बुडाला तांब्याची छोटी वाटी, म्हणजे गॅस चेक, हे माझं आवडतं जुळवण. वाटीमुळे मागून येणारा तापलेला वायू शिशाचं बूड वितळवत नाही.

वजन. हाही हिशोब करून पाहा: 300 ग्रेनची गोळी 1200 फुटांनी सोडली तर ऊर्जा साधारण 960. म्हणजे 240 ग्रेनच्या वेगवान गोळीइतकीच, थोडी कमीच. पण वजन गुणिले वेग काढलं तर 3,60,000 विरुद्ध 3,24,000. लांब, जड गोळी हाडाला लागल्यावर आपली दिशा आणि चाल सहज सोडत नाही. डब्यावरचा ऊर्जेचा आकडा हे सांगत नाही, त्यामुळे त्याच्या नादाने गोळी घेऊ नका. उलट बाजूही आहे. जड गोळी रिव्हॉल्व्हरला जास्त उचलते, आणि तिचं नाक लांब असेल तर सिलिंडरच्या बाहेर डोकावतं आणि सिलिंडर फिरत नाही. साचा विकत घेण्याआधी दोन-चार गोळ्या मागवून, दारू आणि प्रायमर नसलेलं नकली काडतूस बनवून सिलिंडरच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, घालून पाहा.

गोळ्या स्वतः ओतायच्या की विकत आणायच्या? पहिली दोन वर्षं विकत आणा. ओतणं ही वेगळी कला आहे आणि शिसं हे विष आहे. ज्याला ओतायचंच आहे त्याने भांडं वेगळं ठेवावं, जागा घराबाहेर आणि हवेशीर, चेहऱ्यावर ढाल, पूर्ण बाह्या. घामाचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला की त्याची वाफ होते आणि शिसं उसळून अंगावर येतं. पुरण शिजवायच्या पातेल्यात शिसं वितळवणारा एक महाभाग मी पाहिला आहे. ते पातेलं आम्ही ठेचून फेकायला लावलं.

आपलं रिव्हॉल्व्हर मोजा

गोळी .44 ची म्हणून विकली जाते, पण .44 हे नावापुरतं. खरा व्यास .429 ते .431 इंच. तुमच्या सिलिंडरच्या प्रत्येक घराला पुढे एक अरुंद तोंड असतं, गोळी त्यातून नळीत उडी घेते. हे तोंड नळीच्या खाचांपेक्षा अरुंद असलं तर गोळी तिथेच पिळून बारीक होते, नळीत सैल जाते, वायू बाजूने निसटतो, शिसं नळीला चिकटतं, आणि नेम पसरतो. नवखा म्हणतो ‘ओतीव गोळी बेकार’. बेकार गोळी नव्हे, बेकार माप.

तपासायला दहा मिनिटं लागतात. हत्यार रिकामं करा, पुन्हा पाहा, सिलिंडर काढून हातात घ्या. ओतीव गोळी मागच्या बाजूने घरात टाका आणि पेन्सिलने पुढे ढकला. अंगठ्याच्या जोराने, थोडा विरोध करत निघाली तर जुळलं. आपसूक पडली तर गोळी बारीक आहे, अडकली तर मोठी. सहाही घरं तपासा, सहाही सारखी असतीलच असं नाही. माझ्या सुपर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरचं एक घर बाकीच्यांहून हलकंसं सैल आहे. शिकारीला मी ते घर शेवटी ठेवतो.

दारू आणि वेग

आता दारू. .44 च्या जड भरणीसाठी हळू जळणारी, पुंगळी जवळजवळ भरून टाकणारी दारू घ्या. फायदा जोराचा आहेच, पण त्याहून मोठा फायदा सुरक्षिततेचा. चपळ दारू इतकी थोडी लागते की एकाच पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी दिसत नाही. भरगच्च दारू दोनदा पडली तर पुंगळीतून वर सांडते, आंधळ्यालाही कळेल.

एच-110 आणि डब्ल्यू-296 या दोन नावांनी विकली जाणारी दारू मुळात एकच. तिची एक खोड आहे. तिला कमी भरलेलं खपत नाही. बनवणारी कंपनीच सांगते की तक्त्यातल्या आकड्यापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त उतरू नका. कमी भरली, प्रायमर नरम असला किंवा गोळीची पकड सैल असली तर ती नीट पेटतच नाही, आणि गोळी नळीत अर्ध्यावर अडकून बसते. पुढची गोळी तिच्यावर आदळली की नळी फुगते किंवा फाटते. म्हणून आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर लगेच थांबा, नळी तीस सेकंद सुरक्षित दिशेला धरा, रिकामं करा, आणि नळीतून उजेड दिसतो का पाहा. नवख्याला मी 2400 नावाची दारू सुचवतो. तिला थोडं खाली-वर चालतं.

भरताना टेबलावर एकाच दारूचा डबा असावा. फोन दुसऱ्या खोलीत. पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून दारू भरली की गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून सगळ्यांत डोकवा. सगळीकडे पातळी सारखी दिसली पाहिजे. प्रायमर बसवल्यावर प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवा. प्रायमर केसभर आत असला पाहिजे, वर उंचवटा लागला तर ते काडतूस सिलिंडर अडवणार.

तक्त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून निघा आणि थोडं थोडं वर जा. वेग क्रोनोग्राफने मोजा. दाब वाढल्याच्या खुणा रिव्हॉल्व्हरमध्ये उशिरा दिसतात. प्रायमर चपटा झाला का, हे वाचत बसण्यात अर्थ नाही. पुंगळ्या काढताना चिकटल्या, ठोकाव्या लागल्या, तर तुम्ही रेषेच्या पलीकडे गेला आहात. खाली या. 1200 फुटांवर जी भरणी एकाच ठिकाणी गोळ्या घालते ती 1300 च्या पसरणाऱ्या भरणीपेक्षा चांगली. रोह्याला हा फरक कळत नाही, तुमच्या मनगटाला कळतो.

दुमड

माझी सगळ्यात मोठी फजिती इथली. पहिल्या वर्षी पन्नास सुबक काडतुसं भरली, 300 ग्रेन, चकचकीत. रेंजवर चौथी गोळी झाडली आणि सिलिंडर जागीच अडला. घोडा मागे जाईना. पाहतो तर पाचव्या काडतुसाची गोळी पुंगळीतून सरकून पुढे आली होती आणि चौकटीला टेकली होती. हत्यार झटक्याने मागे येतं, पुंगळी त्याच्याबरोबर मागे येते, जड गोळी मात्र आहे तिथेच राहू पाहते. माझी दुमड, म्हणजे गोळी धरून ठेवायला पुंगळीचा काठ आत वळवतात ती, कच्ची होती. समोर रोही असता तर?

गोळीच्या अंगावर दुमडीसाठी खाच असते. पुंगळीचा काठ त्या खाचेत घट्ट वळला पाहिजे. पण नुसती दुमड पुरत नाही, पुंगळीचा गळाही गोळीला आवळून धरणारा हवा. गोळी बसवल्यावर पुंगळीच्या अंगावर तिचा हलका उठाव दिसला की पकड आहे असं समजा. पुंगळ्या सगळ्या एका लांबीच्या कापून घ्या, नाहीतर एकीला दुमड जास्त, दुसरीला कमी.

चाचणी साधी आहे. सहा काडतुसं घ्या, एकावर मार्करने खूण करा, तिची लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. ती शेवटच्या घरात. पाच झाडा. सहावी न झाडता काढा आणि पुन्हा मोजा. लांबी तीच असली पाहिजे. काही हजारांश इंच सरकली असेल तर दुमड वाढवा आणि परत पहिल्यापासून. माझी त्या दिवशीची काडतुसं मी हातोड्याच्या गोळी-काढणीने एकेक ठोकून मोकळी केली. शनिवार, रविवार, दोन्ही गेले.

दुसऱ्याचं काडतूस

रेंजवर ओळख वाढली की कुणीतरी प्रेमाने झिपलॉकची पिशवी पुढे करतो. ‘माझी खास भरणी, घेऊन बघ.’ घेऊ नका. शिष्टाचार म्हणून घेतलीच तर झाडू नका, घरी नेऊन मोकळी करा. त्याची भरणी त्याच्या हत्याराच्या घरांना, त्याच्या नळीला जुळवलेली. त्याने त्या दिवशी फोन खाली ठेवला होता का, हेही तुम्हाला माहीत नाही. बंदुकांच्या प्रदर्शनात सुट्या मिळणाऱ्या ‘रीलोड’चं तेच. विकायला काडतुसं बनवणाऱ्याकडे फेडरल परवाना लागतो, टाइप 06. परवाना नाही, डब्यावर नाव नाही, गोळीचं वजन नाही, तर ते काडतूस नाही, ती लॉटरी आहे. आणि तुमची काडतुसंही कुणाला देऊ नका, मेव्हण्यालासुद्धा.

ज्याला भरण्याची हौस नाही त्याने परवानाधारक छोट्या कारखान्यांची जड ओतीव गोळीची काडतुसं घ्यावीत. महाग पडतात, पण त्यावरच्या 11 टक्के फेडरल कराचा पैसा 1937 च्या कायद्यापासून वन्यजीवांच्या कामाला जातो, एवढं समाधान.

किती अंतरावरून?

नऊ इंची कागदी ताटली लाकडाला ठोका. मैदानात जसं बसाल तसं बसून, काठीचा टेकू घेऊन, सहा गोळ्या झाडा. ज्या अंतरावर सहाच्या सहा ताटलीत बसतात तेवढं तुमचं अंतर. पाच बसल्या तर जवळ या. बेंचवर वाळूच्या पिशवीवर हात ठेवून बसलेल्या गोळ्या मोजायच्या नाहीत. माझं अंतर चाळीस यार्ड आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटत नाही.

240 ग्रेनच्या भरणीचा नेम 50 यार्डांवर जुळवला तर 100 यार्डांवर ती सुमारे सहा इंच खाली पडते. जड, संथ गोळी आणखी खाली. म्हणजे अंतराचा अंदाज चुकला की फुप्फुसाऐवजी पाय. म्हणूनच जवळ जायचं.

सराव हलक्या भरणीने करा, .44 स्पेशलच्या, म्हणजे .44 मॅग्नमच्या सौम्य भावंडाच्या, ताकदीची भरणी चालते. जड काडतुसं एका वेळी बारापेक्षा जास्त झाडू नका, पुढे हात घाबरायला शिकतो. मित्राला सांगा की सहा घरांपैकी दोन-तीन घरांत रिकाम्या पुंगळ्या घाल आणि मला कुठली ते सांगू नको. घोडा रिकामीवर पडला की नळीचं टोक कसं खाली झुकतं ते बघा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शरमलो होतो. कानाला संरक्षण नेहमी, शिकारीतही. आणि सिलिंडर-नळीच्या फटीजवळ बोट नको, तिथून निघणारा वायू कातडी कापतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी

शिकारीसाठी वीसच काडतुसं बाजूला काढतो. प्रत्येक आपल्याच सिलिंडरमध्ये घालून पाहतो, हत्यार सुरक्षित दिशेला धरून, की आपल्या वजनाने आत बसते आणि सिलिंडर मोकळा फिरतो. मग डबा. डब्यावर हत्याराचं नाव, गोळी, दारूचं नाव आणि वजन, प्रायमर, लांबी, तारीख. चिठ्ठी आत एक, बाहेर एक. डबा गाडीच्या डिकीत तापत ठेवायचा नाही, दक्षिण टेक्सासात एप्रिलमध्येच डिकी भट्टी होते. विमानाने जात असाल तर काडतुसं चेक-इन सामानात, नीट खोक्यात, विमान कंपनीच्या वजनमर्यादेत. सुटी दारू आणि प्रायमर मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाहीत.

रोह्याचं हृदय आणि फुप्फुसं बरीच पुढे, खांद्याच्या आड आणि खाली असतात. हरणाची सवय असलेला माणूस मागे मारतो, पोटात. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबा. समोरून नाही, पळताना नाही. पहिल्या गोळीनंतर पडला नाही आणि उभा असेल तर दुसरी लगेच. पळाला तर जागेवरच बसून अर्धा तास मोजा. माझ्या पहिल्या रोह्याची गोळी पलीकडच्या कातडीखाली बोटाला लागली, मशरूमसारखी नव्हे, जशी ओतली होती तशीच, फक्त नाकाची एक कड दबलेली. धुऊन, वजन करून वहीत लिहिली: 294 ग्रेन.

एक काम सगळ्यांत शेवटी, आणि ते भारतात जाणाऱ्यांसाठी. शिकारीची बॅग, जॅकेट, कॅमेऱ्याची पिशवी भारताच्या प्रवासाला वापरू नका. नुसती रिकामी पुंगळी सापडली तरी विमानतळावर चौकशी, आणि जिवंत काडतूस असेल तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा. मागच्या दिवाळीत नागपूरला निघण्याआधी मी जुनी पाठपिशवी उलटी करून झटकली, काही पडलं नाही. मग बायकोने अस्तराची शिवण चाचपली. आत एक पुंगळी होती, .44 ची.

आता ती पिशवी गॅरेजमध्येच खुंटीला असते.